बेडकांतील नरमादी-भेद व त्याची घडण

मृगाचे पहिले पाऊस पडून भाताचीं खाचरें भरलीं कीं, बेडकांचें ओरडणें सुरू होतें. हें ओरडणें नरांचें असतें. आपल्याकडील मोठ्या बेडकाचा नर त्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो, त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसतात व मादीस घट्ट धरतां यावें म्हणून पुढच्या पायांच्या अंगठ्यांवर खरखरीत गाद्या येतात. मादी अंगानें मोठी, पण रंगानें साधी असते. इतका उघड भेद पाहून कोणासही वाटेल कीं, नर व मादी हीं मुळापासूनच निराळीं घडलेलीं असावींत. वस्तुस्थिति तशी नाहीं; आणि ती कशी आहे हें शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखें आहे. कारण पिकांवरील किडी खाणाऱ्या ह्या प्राण्याची घडण आपल्याच शेतांतील पाण्यांत होत असते.

अंड्यांतून निघालेल्या बेडूकमाशाच्या पोटांत, मूत्रपिंडांच्या लगत, दोन बारीक उंचवटे असतात. ह्याच जननग्रंथि होत. प्रत्येक ग्रंथींत बाहेरचा थर व आंतला गाभा असे दोन भाग असून आरंभीं सर्व पिलांत त्या सारख्याच असतात. थर वाढून गाभा मागें पडला तर अंडाशय बनतो. गाभा वाढून थर खुंटला तर वृषण बनतो. एकाच वाफ्यांत दोन पिकें पेरावींत व त्यांतील एकानें दुसऱ्यास दाबून टाकावें, तसाच हा प्रकार होय. यूरोपांतील तपकिरी बेडकाच्या कांही वंशांत तर सर्व पिलांस प्रथम अंडाशयच होतात व पुढें त्यांपैकीं सुमारें निम्म्यांचे वृषण बनतात.

आतां कोणता भाग वाढावयाचा हें कोण ठरवितें? पहिला अधिकार पेशींतील गुणसूत्रांचा. मनुष्यांत नराचीं दोन लिंगसूत्रें विजोड असतात व मादीचीं सजोड. पुष्कळ बेडकांत असेंच आहे. परंतु आफ्रिकेंतील नखधारी बेडकांत उलट प्रकार असून तेथें मादी विजोड असते. तिच्या विजोड सूत्रावर अंडाशय घडविणारा एक घटक असल्याचें जपानी शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखविलें. जपानांतील एका बेडकाच्या जातींत तर कांही प्रदेशांत नर विजोड व कांही प्रदेशांत मादी विजोड, असे दोन्ही प्रकार आढळतात.

ह्या हिशेबाची सुंदर परीक्षा अमेरिकेंत हंफ्री ह्यांनीं अ‍ॅक्सोलोटल नांवाच्या, सरड्यासारख्या आकाराच्या पाण्यांतील प्राण्यावर केली. मादी होणाऱ्या गर्भांत नराच्या ग्रंथीचें कलम बसवून त्यांनीं तिच्या अंडाशयांचे वृषण बनविले आणि अशा ‘नराचा’ खऱ्या मादीशीं संयोग घडविला. मादी विजोड असेल तर ह्या जोडप्याच्या संततींत दर चारांत तीन माद्या व एक नर निघावयास पाहिजे. १९४५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत जवळजवळ तेंच प्रमाण होतें.

ह्या प्रयोगावरून दुसरीही गोष्ट उघड होते. गुणसूत्रें मादीचीं असतांही देह नराचा होऊं शकतो. म्हणजे गुणसूत्रांचा शब्द शेवटचा नव्हे. विट्शी ह्यांनीं १९२९ सालीं अमेरिकेंतील रानबेडकाचे बेडूकमासे सुमारें ३२ अंश सेंटिग्रेड उष्ण पाण्यांत ठेवले, तेव्हां माद्यांच्या अंडाशयांचे वृषण होऊं लागले. भेकाच्या नरांत वृषणाच्या टोकाशीं बिडरचा अवयव म्हणून एक लहान गांठ असते. वृषण काढून टाकले तर हीच गांठ वाढून अंडाशय होते, हें जिनेव्हा येथें गीयेनो व पोंस ह्यांनीं १९२३ सालीं दाखविलें. आपल्या अंगणांत दिव्याखालीं किडे टिपणाऱ्या भेकासही हा अवयव असतो. तात्पर्य, उभयचरांचा देह दोन्ही वाटा बराच काळ मोकळ्या ठेवतो. म्हणूनच वाढत्या पिलांच्या पाण्यांत मादीचा अंतःस्राव मिसळल्यास नरांच्याही माद्या होतात.

येथेंच आमच्या व्यवसायाचा संबंध येतो. ऊस व मका ह्यांतील तणांवर आपण अ‍ॅट्राझीन नांवाचें औषध फवारतों. हेझ ह्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नखधारी बेडकाचे केवळ नरच घेऊन, ज्या पाण्याच्या एक अब्ज भागांत हें औषध अवघें २.५ भाग होतें अशा पाण्यांत ते वाढविले. त्यांपैकीं शेंकडा सुमारें १० अंडीं घालणाऱ्या माद्या झाल्या आणि त्यांची प्रजा सर्व नर निघाली. तत्पूर्वीं २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, उत्पादक कंपनीच्या खर्चानें केलेल्या प्रयोगांत मात्र असा परिणाम दिसला नव्हता; वाद त्यामुळें मिटलेला नाहीं. परंतु निकाल लागेपर्यंत काळजी घेण्यास कोणाची आडकाठी आहे?

बेडकाची किंमत आपण एकदां मोजली आहे. पायांच्या निर्यातीसाठीं लक्षावधि बेडूक मारले गेल्यावर १९८७ सालीं भारत सरकारास ती निर्यात बंद करावी लागली. पकडणारा निदान दिसतो. पाण्यांत विरघळलेलें औषध दिसत नाहीं. यास्तव आमची वाचकांस सूचना आहे कीं,

१. फवारणीचा पंप व डबे ओढ्यांत, तळ्यांत किंवा खाचरांत धुऊं नयेत.

२. बेडूकमासे असलेल्या पाण्याच्या कडेची पट्टी फवारल्याशिवाय सोडून तेथील तण हातानें काढावें.

३. पावसाचा रंग दिसत असतां फवारणी करूं नये. सरीबरोबर औषध डबक्यांत उतरतें.

४. डबक्यांच्या कांठचीं झुडपें सरसकट तोडूं नयेत. सावलीनें पाणी फार तापत नाहीं.

एवढें केलें तर पुढील मृगांत खाचरांतून पिवळे नर ओरडतील व त्यांस उत्तर देण्यास माद्याही असतील.