चुलीमागचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात लासलगाव हे बाजाराचे गाव आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक लागते. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली आणि कांद्याच्या व्यापारासाठी तिचे नाव देशभर झाले. लिलावाच्या दिवशी कांद्याने भरलेल्या गाड्या आवारात ओळीने उभ्या राहतात. व्यापारी एकेका गाडीपाशी येऊन मूठभर कांदे उचलून पाहतात, बोली चढत जाते आणि थोड्याच वेळात क्विंटलचा भाव ठरतो. आजचा भाव उद्या राहीलच असे नाही. अशा गावात ‘भाव’ हा शब्द लहान मुलांच्याही कानांवर रोज पडतो.

अशा गावातील एखाद्या सुगरण गृहिणीच्या मनात येते, की मुलांच्या वाढदिवसाच्या फराळाची कामे आपण घ्यावीत. तिच्या हातच्या वड्यांची शेजारणी तारीफ करतात. घरात मोठी कढई आहे, झारा आहे, अंगात उत्साहही आहे. ती कामे घेऊ लागते. मुले आवडीने खातात, आणखी मागून घेतात. पण वर्ष सरताना तिच्या ध्यानात येते, की आपण राबलो खूप आणि हाती मात्र काहीच उरले नाही. वडे बिघडले नाहीत, शिरा करपला नाही. मग चुकले कोठे?

हा प्रश्न काही नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो बायकांनी तो वर्षानुवर्षे सोसला आणि पुढे त्यांच्यापैकीच काहींनी त्याचे उत्तरही शोधून काढले. म्हणून लासलगावची ही कढई क्षणभर खाली उतरवून, येथला कांदा जेथे रोज चिरला जातो, त्या मुंबईकडे वळले पाहिजे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्याचा उद्योग आरंभला. त्यानंतर परळ, लालबाग, वरळी या भागांत एकामागून एक गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. कोकणातून आणि घाटावरून तरुण माणसे कामासाठी मुंबईस आली. पुष्कळांची बायकामुले गावीच राहिली. चाळीतील एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे राहत. एक पाळी कामावर गेली, की दुसरी पाळी त्याच जागेवर अंथरूण पसरी. लासलगावकडील शेतकरी उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवतो, तेव्हा चाळीत वारा खेळता राहील अशी काळजी घेतो. नाही तर कांदा सडतो. गिरणगावच्या चाळीत माणसांच्या वाट्याला तेवढा वाराही क्वचितच येई.

अशा माणसांना दोन वेळचे जेवण कोण देणार? ते काम खानावळवाल्या बायकांनी केले. कोणी गिरणी कामगाराची पत्नी, कोणी विधवा, कोणी गिरणीतून काम सुटलेली. आपल्याच खोलीत चूल पेटवून त्या दहा-वीस माणसांचे जेवण रांधीत. पहाटे चार वाजता त्यांचा दिवस सुरू होई. सकाळच्या पाळीचे डबे भरून होतात न होतात, तोच रात्रपाळीची माणसे जेवावयास येत. धान्य निवडणे, पाणी भरणे, भाकरी थापणे, भांडी घासणे, सारे एकटीनेच करावे लागे. फार तर घरातील एखादी मुलगी हाताखाली असे, आणि तिची शाळा बहुधा बुडे.

इतके करून या बायका कर्जातच असत. याचे कारण चुलीपाशी शोधून सापडणारे नव्हते. जेवणारा माणूस म्हणे, “मावशी, पगार झाला की देतो.” पगार महिन्याने होई, तांदूळ आणि तेल मात्र आजच हवे. हाती रोकड नसल्यामुळे ती वाण्याकडून उधारीवर आणावी लागत. उधारीचा माल महाग पडे आणि पुष्कळदा हलकाही असे. परंतु पहिली बाकी फिटल्यावाचून दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची सोय नव्हती. घरात आजारपण आले, की मंगळसूत्रातील मणी सावकाराकडे जात. म्हणजे खानावळवाली जे कमवी, ते व्याजाच्या आणि वाढीव भावाच्या रूपाने दुसऱ्याच्या गल्ल्यात पडे.

ही गाठ सोडविण्याचे काम प्रेमाताई पुरव यांनी हाती घेतले. त्या मूळच्या गोव्याच्या. गोवामुक्तीच्या लढ्यात लहान वयातच त्या सामील झाल्या होत्या आणि त्यांच्या पायाला गोळी लागली होती. मुंबईत आल्यावर कामगारांच्या चळवळीत वावरताना त्यांना ही खानावळवाली दिसली. संप झाला की कामगारांच्या मागण्यांची चर्चा सारे करीत. संपाच्या काळात त्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बाईचा विचार कोणाच्याच मनात येत नसे. प्रेमाताईंच्या मनात तो आला. १९७५ साली त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले.

१९६९ साली देशातील मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. गरिबांना उद्योगासाठी कर्ज मिळावे, हा त्यामागील एक हेतू होता. पण तारण म्हणून दाखविण्यासारखे या बायकांपाशी काय होते? घर भाड्याचे, दागिने आधीच गहाण. पुष्कळजणींना सहीदेखील करता येत नव्हती. तेव्हा बायकांनी गट करावेत आणि एकीने दुसरीला जामीन राहावे, अशी वाट काढण्यात आली. आरंभी चौदा बायकांना प्रत्येकी १,५०० रुपये बँकेकडून मिळाले. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु तिच्यामुळे महिन्याचे धान्य रोखीने, पारखून आणि चार दुकानांत भाव विचारून घेता येऊ लागले. स्वयंपाक तोच, जेवणारी माणसे तीच. बदलले ते एवढेच, की पैसा चुलीच्या आधी हाती आला. बायकांनी हप्ते फेडले आणि कर्जासाठी पुढे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. प्रेमाताईंना पुढे २००२ साली ‘पद्मश्री’ हा सन्मान मिळाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला, अनेक कामगार गावी परतले, पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. गिऱ्हाईकच उरले नाही, तर खानावळ कोणाची? अशा वेळी मंडळाच्या स्वयंपाकघरातून कचेऱ्यांना जेवण आणि समारंभांना खाद्यपदार्थ पुरविण्याचे काम पुढे आले. या कामात एक मोठा फरक होता. खानावळीत आधी जेवण आणि मागाहून पैसे. समारंभाच्या कामात आधी ठराव, मग इसार आणि त्यानंतर चूल.

लासलगावच्या त्या गृहिणीचे चुकले ते नेमके येथेच. एक उदाहरण घेऊ. पंचवीस मुलांचा वाढदिवस आहे. दोन-दोन बटाटेवडे, कांदाभजी, शिरा आणि लिंबाचे सरबत, एवढा बेत ठरला. समजा, साहित्याला ९०० रुपये लागले. बाईंनी दर ठरविला ताटाला ६० रुपये. म्हणजे एकूण १,५०० रुपये. नऊशे वजा केले, सहाशे उरले, असे त्या मनात म्हणाल्या आणि आनंदल्या. पण गॅसचे १०० रुपये, हाताखालच्या बाईचे ३०० आणि सामान पोचविणाऱ्या रिक्षाचे ५० त्यांनी धरलेच नव्हते. ते धरले, तर खर्च १,३५० होतो आणि उरतात १५०. आदल्या संध्याकाळच्या बाजारापासून दुसऱ्या रात्रीच्या भांड्यांपर्यंत राबणाऱ्या मालकिणीला १५० रुपये, आणि मदतीला आलेल्या बाईला ३००! त्यातही सामान उधारीवर आणले आणि वाण्याने नव्वद रुपये जास्त लावले, तर राहिले साठ.

स्वतःच्या कष्टाची मजुरी खर्चात धरावयाची असते, हे घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या सहसा ध्यानीच येत नाही. कारण घरात ती कोणी कधी धरलेली नसते. मजुरीचे ५०० रुपये धरले, तर खर्च १,८५० होतो. ताटाला ७५ रुपये घेतले, तर १,८७५ हाती येतात आणि पंचवीस रुपये कढई-झाऱ्याच्या झिजेला उरतात. निम्मी रक्कम इसार म्हणून आधी घेतली, की साहित्य रोखीने आणता येते. बँकेच्या दीड हजार रुपयांनी गिरणगावात जे काम केले, तेच काम येथे इसार करतो.

कांद्याचे तर आणखी वेगळेच. बाजार समितीच्या शेजारी राहते म्हणून बाईंना कांदा स्वस्त मिळतो, असे कोणी समजू नये. लिलावात गाडीच्या गाडी विकली जाते. दोन किलो कांदे तिलाही भाजीच्या दुकानातूनच आणावे लागतात. महिनाभर आधी ठरविलेल्या दरात कांदाभजी असतील आणि मध्येच भाव चढला, तर तोटा तिचाच. शहाणी बाई ठराव करतानाच सांगून ठेवते, की कांदा फार महागला तर भजी बटाट्याची होतील. भज्यांसाठी चिरलेल्या कांद्याला मीठ चोळले, की त्याला पाणी सुटते. म्हणून पीठ कालवावयाचे ते मुले पंगतीला बसण्याच्या बेतात. आधी कालवले तर पीठ सैल होते, मग आणखी बेसन घालावे लागते, आणि चव व हिशेब दोन्ही बिघडतात.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान उद्योगालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. वाढत्या वयाच्या मुलांना आपण खाऊ घालतो, तेव्हा पाणी कोणते, दूध केव्हाचे, हात धुतले की नाही, हे कोणी विचारण्याची वाट पाहू नये.

वाढदिवसाच्या घरी सांगितलेली संख्या आणि आलेली मुले यांचा मेळ सहसा बसत नाही. पंचवीस म्हटले, की पाठीमागून कोणाचा धाकटा भाऊ येतो, कोणाची बहीण येते. त्यांना परत कोण पाठवणार? म्हणून आठ-दहा वडे जास्तच करावे लागतात आणि पैसे ताटांवर घ्यावयाचे, हे आधीच बोलून ठेवावे लागते. पंगत उठली. मुले अंगणात फुगे उडवीत होती. बाईंनी रिकामी ताटे मोजली. ती एकोणतीस भरली. हात पुसून त्यांनी पिशवीतून वही काढली, एकोणतीस हा आकडा लिहिला, त्यापुढे इसाराची रक्कम मांडली, आणि मग कढई घासावयास घेतली.