वाळवंटातून चाकांच्या घराने



आपल्या वर्गात जगाचा नकाशा टांगलेला आहे. त्यात खाली उजव्या हाताला ऑस्ट्रेलिया खंड दिसतो. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस कि. मी. आहे आणि ऑस्ट्रेलियाचे सुमारे ७७ लाख. म्हणजे तो देश आपल्या दुपटीहून मोठा. पण माणसे किती? तीन कोटीसुद्धा नाहीत! त्यातली बहुतेक समुद्रकाठच्या शहरांत राहतात. मधला भाग कोरडा, उजाड व वाळवंटी आहे. त्या भागाला तिकडे आउटबॅक म्हणतात.

अशा भागातून तिकडची कुटुंबे लहान मुलांना घेऊन प्रवास करतात. तो कसा करतात, ते आज शिकू या.

१) चाकांचे घर

ट्रॅक्टरला मागे ट्रॉली जोडतात तशी मोटारीला मागे एक खोली जोडतात. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. आत झोपायच्या फळ्या, शेगडी, लहान मोरी आणि खाली पाण्याची टाकी असते. आपल्याकडे धनगर घोड्यावर बिऱ्हाड घेऊन हिंडतात, तसे यांचे बिऱ्हाड चाकांवर.

मात्र गाडी चालू असताना कॅरॅव्हॅनमध्ये बसायचे नाही, असा तिथला कायदा आहे. सगळ्यांनी पुढच्या मोटारीत पट्टा लावून बसायचे. सात वर्षांच्या आतील मुलांना वेगळी, पट्ट्यांची सुरक्षित खुर्ची लागते. मूल कितीही रडले तरी आईने मांडीवर घ्यायचे नाही. गाडी थांबवायची, मग घ्यायचे.

२) रस्ता

दक्षिणेला ॲडलेड शहर आहे. तिथून सुमारे ३०० कि. मी. वर पोर्ट ऑगस्टा गाव लागते. तिथून स्टुअर्ट महामार्ग सुरू होतो, तो थेट उत्तरेच्या डार्विन शहरापर्यंत. लांबी सुमारे २,८०० कि. मी.! जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा प्रवासी १८६२ साली दक्षिणेकडून निघून खंडाच्या उत्तर किनाऱ्याला पोचला. त्याचे नाव रस्त्याला दिले आहे. आता हा रस्ता डांबरी आहे. आपल्यासारखेच तिकडेही डाव्या बाजूने चालतात.

वाटेत लेक हार्ट नावाचे तळे दिसते. दुरून वाटते, वा, केवढे पाणी! पण बहुतेक वेळा तो मिठाचा पांढरा थर असतो. पुढे माती लाल होत जाते. मातीत लोखंड असते आणि त्याला गंज चढतो, म्हणून ती लाल दिसते. अंगणात पडलेल्या जुन्या खिळ्याचा रंग आठवा, तसाच.

या रस्त्यावर लांबच लांब ट्रक धावतात. एका ट्रकला तीन-तीन डबे जोडलेले. त्यांना रोड ट्रेन म्हणतात. लांबी ५३ मीटरपर्यंत. त्यांना ओलांडायची घाई करायची नसते. संध्याकाळी व पहाटे कांगारू रस्त्यावर येतात आणि गाडीला धडकतात. म्हणून शहाणी माणसे दिवस मावळायच्या आत मुक्काम करतात.

३) पाण्याचा हिशेब

आता मुख्य गोष्ट सांगतो. ग्लेंडॅम्बो या छोट्या ठिकाणापासून कूबर पेडी गावापर्यंत सुमारे २५० कि. मी. मध्ये पेट्रोल मिळत नाही. दुकान नाही, विहीर नाही. मोबाईल पुष्कळ ठिकाणी लागत नाही. गाडी बिघडली तर मदत येईपर्यंत तिथेच राहावे लागते. म्हणून पाणी मोजून घ्यावे लागते.

समजा आई, वडील, आठ वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा असे कुटुंब आहे. दर माणशी रोज १० लिटर धरले आणि ३ दिवसांचे पाणी घ्यायचे ठरवले, तर

४ × १० × ३ = १२० लिटर.

१५ लिटरच्या हंड्याने ते ८ हंडे झाले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे १२० किलो ओझे झाले. म्हणून खेळणी, कपडे, भांडी कमी घ्यायची, पण पाणी कमी करायचे नाही. आणि सगळे पाणी एकाच टाकीत ठेवायचे नाही. टाकी गळली तर काय करणार? काही पाणी कॅनमध्ये भरून मोटारीत ठेवायचे.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा धाकट्या भावाने विचारले, “मग आंघोळ कशी करायची रे?” उत्तर सोपे आहे. ओल्या फडक्याने अंग पुसायचे. त्याला ते फार आवडले.

लहान मुलांना जास्त जपावे लागते. मोठ्या माणसाला तहान सांगता येते, लहान मूल खेळाच्या नादात सांगत नाही. ओठ सुकले, लघवी कमी व पिवळी झाली, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, तर अंगातले पाणी कमी झाले असे समजावे. अशा वेळी जलसंजीवनी द्यावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. हे सगळे चमचे चहाचे. मूल मलूल झाले तर डॉक्टरकडेच न्यावे. आणि बंद मोटारीत मुलाला एकटे कधीच ठेवू नये. उन्हात बंद गाडी थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते. पालकहो, हे आपल्याकडेही तितकेच खरे आहे.

जायचे कधी? तिकडचे ऋतू आपल्या उलटे असतात. जून-जुलैत तिकडे हिवाळा, तेव्हा जातात. दिवसा हवा छान असते. रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते, गोधड्या लागतात.

४) जमिनीखालचे गाव

कूबर पेडी गावात बरीच माणसे जमिनीखाली घर कोरून राहतात. वर कितीही ऊन असले तरी खाली गारवा असतो. १९१५ साली विली हचिसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा वडिलांच्या टोळीबरोबर इथे आला होता. मोठी माणसे सोने शोधत होती. तो पाणी शोधायला गेला आणि त्याला ओपल नावाचे रंगीत रत्न सापडले. त्यातून हे गाव वसले.

५) ज्यांना वाट ठाऊक होती

१८६० साली या खंडात चालण्यासाठी २४ उंट कराचीहून बोटीने आणले. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती! उंट हाकणारी माणसेही आपल्या देशाकडची होती. बर्क व विल्स या दोन साहेबांची मोठी टोळी हे उंट घेऊन मेलबर्नहून निघाली. ते दोघे उत्तरेपर्यंत पोचले, पण परत येताना १८६१ साली अन्नावाचून खंगून मेले. त्यांचा सोबती जॉन किंग तेवढा वाचला. कसा? तिथल्या यांड्रुवांधा लोकांनी त्याला खाऊ घातले, सांभाळले. साहेबांना जिथे काही मिळेना, तिथे ते लोक बायकापोरांसह राहत होते.

तसेच उलुरू. हा ३४८ मीटर उंच लाल खडक आहे. आनांगु लोक त्याला पवित्र मानतात. त्याच्या पायथ्याशी मुटिजुलु नावाचे पाण्याचे डबके आहे. पूर्वी प्रवासी खडकावर चढत. आनांगु लोकांना ते आवडत नसे. २०१९ साली चढणे बंद झाले. आता मुले त्याच्या भोवती चालतात आणि पाण्याच्या गोष्टी ऐकतात.

६) आजारी पडले तर? शाळा बुडली तर?

तिकडे विमानातून डॉक्टर येतो. ही सेवा जॉन फ्लिन यांनी १९२८ साली सुरू केली. काही ठिकाणी महामार्गाचाच सरळ तुकडा विमान उतरायला आखून ठेवला आहे.

ॲलिस स्प्रिंग्ज गावात १९५१ साली रेडिओवरची शाळा सुरू झाली. शेकडो मैल दूर राहणारी मुले घरी बसून बाईंचा आवाज ऐकत व उत्तर देत. आता तेच शिक्षण इंटरनेटवर चालते. म्हणजे वाळवंटातही गृहपाठ सुटत नाही, बरे का!

७) सर्वांत मोठा नियम

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचे नाही. गाडीला सावली असते. तिच्यात पाणी असते. विमानातून गाडी दिसते, पण चालणारा माणूस दिसत नाही. निघण्याआधी कोणाला तरी सांगून ठेवायचे, “आम्ही अमुक दिवशी अमुक गावी पोचू.” आपण नाही पोचलो तर ते शोधायला माणसे पाठवतात.

मुलांनाही काम द्यावे. थोरलीने रोज पाण्याचे कॅन मोजून वहीत लिहावे. धाकट्याने सगळ्यांच्या डोक्यावर टोपी आहे का ते बघावे. आमची आजी म्हणाली, “पोरांना काम दिलं की पोरं शहाणी होतात आणि कटकट बी करत नाहीत.”

प्रश्न
१. पाच माणसांना दर माणशी रोज १० लिटर धरून ४ दिवसांना किती पाणी लागेल? त्याचे वजन किती?
२. सगळे पाणी एकाच टाकीत का ठेवू नये?
३. गाडी सोडून का जाऊ नये? तीन कारणे लिहा.
४. जॉन किंग कोणामुळे वाचला?
५. जलसंजीवनी कशी करतात, ते घरी आईवडिलांना सांगा.

उत्तरे वहीत लिहून शनिवारी गुरुजींना दाखवा.

— इयत्ता ४ थी