आलेख सरळ, तरी तारे लांबट

प्रश्न : साकोली तालुक्यातून ४८० मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीने तेजोमेघ टिपतो. गाइडिंगचा आलेख उत्तम असूनही पाच मिनिटांच्या छायाचित्रात तारे लांबट उमटतात. १२० मिलिमीटर नाभ्यंतराची गाइड दुर्बीण बदलून मोठी घ्यावी काय?

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपला संशय दुर्बिणीच्या आकारावर आहे. माझा तिच्या बैठकीवर आहे. एका टोकास रबरी कडे आणि दुसऱ्या टोकास स्प्रिंगचा खिळा असलेल्या धारकात बसविलेली गाइड दुर्बीण, माउंट आकाशाबरोबर फिरत असता, केसाएवढी कलते, आणि गाइड कॅमेरा इमानेइतबारे जी दुरुस्ती करवितो ती त्या कलण्याचीच असते. आलेख म्हणूनच निर्दोष दिसतो. तेव्हा धातूची दोन कडी, तीही मुख्य दुर्बिणीच्या कड्यांवर आवळलेल्या पट्टीवर, अशी तजवीज करावी व केबल लोंबकळू देऊ नये.

राहिला गाइड कॅमेरा. पिक्सेलच्या मायक्रॉनांस २०६ ने गुणून नाभ्यंतराने भागले की विकला मिळतात : ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल आपल्या गाइड दुर्बिणीत सुमारे ६.४ विकला व्यापतो, आणि सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या पाचव्या हिश्शापर्यंत सहज शोधीत असल्याने तेवढे पुरे आहे. कृष्णधवल कॅमेरा मात्र अवश्य घ्यावा. फिके तारे त्यालाच गवसतात.

आपल्या भंडारा जिल्ह्यात ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा २१ अंश वर असतो. उत्तर मोकळी असेल तेथेच तिपाई मांडून माउंटचा अक्ष जुळवावा. नंतर तासभर एकेक मिनिटाची छायाचित्रे घेऊन पहिले व शेवटचे ताडून पाहावे. चित्र तरीही एकाच दिशेस सरकले, तर कडी पुन्हा आवळावीत.