व्यसनमुक्ती आणि घरची माणसे

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, लज्जाहानी आणि बुद्धीचा ऱ्हास. यांपैकी पहिले दोन पिणाऱ्याच्या आधी घरच्यांच्या वाट्याला येतात. उपचारांचा विचार मात्र आपण त्या एकट्याचाच करतो.

अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ साली सुरू झाली. तिचे एक संस्थापक बिल विल्सन यांची दारू सुटल्यानंतर त्यांच्या पत्नी लोइस यांनी एकदा रागाच्या भरात त्यांच्यावर बूट भिरकावला. दारू सुटली, तरी संताप का उरावा? या प्रश्नाचा शोध घेत त्यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना उभी केली. आपल्याकडे डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात स्थापिलेल्या मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे.

अशा गटांची गरज समजून घ्यावी. नवरा केंद्रातून परततो, तेव्हा वर्षानुवर्षे घर एकटीने ओढलेली पत्नी एका दिवसात निर्धास्त होत नाही. ती त्याचे खिसे तपासते, तोंडाचा वास घेते. त्याला तो अविश्वास वाटतो. तिच्यासाठी मात्र ती जगण्याची जुनी सवय असते. त्यात पुन्हा घसरण झाली, तर दोष तिलाच दिला जातो. ही घसरण या आजारात अनेकांच्या बाबतीत होते. पत्नीच्या बोलण्याने ती होत नाही.

काही पथ्ये मात्र घरच्यांनी अवश्य पाळावीत. त्याची उसनवारी परस्पर फेडू नये, कामावर त्याच्या वतीने खोटे निरोप देऊ नयेत. जेवणात गुपचूप औषध मिसळणे तर जिवावर बेतू शकते. डायसल्फिरमवर दारू पोटात गेल्यास मृत्यूही ओढवतो. फार पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीविना एकाएकी बंद करणेही धोक्याचे.

आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून अशी कुटुंबे लाजेने विहारात येणेच सोडतात. वास्तविक आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची खोली त्यांनाच द्यावयास हवी. तेथे प्रवचन नको. बोलणाऱ्यांचे ऐकून घ्यावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक तेथील फळ्यावर लिहिलेला असावा.

पालकांना एक विनंती. घरी उपचार सुरू असतील, तर सुटीपूर्वी वर्गशिक्षकांना विश्वासात घेऊन तसे सांगावे. दिवाळीच्या सुटीला सारे वसतिगृह आनंदात असताना एखादे मूल पेटी भरायचे टाळत असते. कारण ठाऊक असले, तर त्याच्याशी चार शब्द आम्हांस आधीच बोलता येतील.