कात्री, डिंक आणि संकेतांक

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील एक जुने गाव होय. १९६९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ त्याच्या शेजारीच वसले आणि गावातील अरुंद गल्ल्यांत नाना प्रांतांतील विद्यार्थी भाड्याच्या खोल्या घेऊन राहू लागले. अशाच एका मराठी विद्यार्थ्याची कल्पना करावी. प्रबंध सादर करण्यास एकच दिवस उरला आहे. वीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलिखित झालेल्या काही मुलाखती तो प्रबंधात चिकटवितो. परंतु पडद्यावर देवनागरीऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. मूळ मजकूर तर शाबूत आहे. मग वाटेत बिघडले ते काय?

कापणे आणि चिकटविणे हे शब्द छापखान्यातून आले. पूर्वी संपादक हस्तलिखित कात्रीने कापून डिंकाने नव्या जागी डकवीत असत. १९७४-७५ च्या सुमारास अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी एका पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी ‘जिप्सी’ हा कार्यक्रम रचला व तीच कृती संगणकावर आणली. कापलेला वा नकललेला भाग स्मृतीतील एका तात्पुरत्या जागी ठेवला जातो. तिला क्लिपबोर्ड म्हणतात.

देणारा कार्यक्रम तेथे एकच वस्तू अनेक रूपांत ठेवू शकतो: केवळ मजकूर, टंकाच्या नावासह सजविलेला मजकूर, किंवा चित्र. घेणारा कार्यक्रम त्यांतील स्वतःस समजणारे रूप उचलतो. मात्र मजकूर म्हणून जे जाते ते अक्षराचे रूप नव्हे, तर त्याचा संकेतांक होय.

विद्यार्थ्याच्या अडचणीचे मूळ येथेच आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘किती’ हा शब्द २३२५, २३६७, २३४०, २३६८ असा साठविला जातो. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत मात्र तोच शब्द १०२, १००, ११४, १०४ असा असतो. आणि हे तर एफ, डी, आर व एच या इंग्रजी अक्षरांचे संकेतांक आहेत. त्या टंकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविल्या, एवढेच. शिवाय त्यात टंकलेखनयंत्राप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, तर युनिकोडमध्ये ती नंतर येते. टंकाचे नाव गळले की आकृत्यांचा मुखवटा उतरतो आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. टंकासह चिकटविलेला मजकूर नीट दिसतो हे खरे. पण त्यात देवनागरीत ‘किती’ शोधू गेल्यास तो सापडत नाही.

ही विसंगती दूर करण्याचे प्रयत्न भारतातही झाले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ ही प्रणाली प्रमाणित केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. तरीही पुढे बराच काळ असंख्य कार्यालयांत व छापखान्यांत जुनेच टंक वापरात राहिले.

मजकुराचे चित्र घेऊन ते चिकटविणे हा सोपा मार्ग वाटतो. चित्रात प्रत्येक बिंदूचा रंग नोंदलेला असल्याने ते कोठेही तसेच दिसते. परंतु त्यातील शब्द दुरुस्त करता येत नाहीत. छायाचित्रे व नकाशे यांस हा मार्ग योग्य, मुलाखतींस नव्हे.

म्हणून विद्यार्थ्याने प्रथम मूळ टंकाचे नाव पाहावे, त्या टंकासाठीच्या रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर मुळाशी ओळीओळीने ताडून पाहावा. जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांत चुका अधिक राहतात. यात एक रात्र जाईल; परंतु ज्यांनी वीस वर्षांपूर्वी आपली हकीकत सांगितली, त्यांचे शब्द पुढच्या अभ्यासकाला शोधता व वाचता येतील.