न मिटलेली जोडणी

आमच्या डहाणू-तलासरीच्या दूरच्या पाड्यांपर्यंत तार ओढणे किती कष्टाचे, हे आपणांस सांगावयास नको. शेजारच्या पालघर तालुक्यात, खामलोली येथे, मुंबईच्या आय. आय. टी. ने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा ‘ग्राम मार्ग’ नामक प्रयोग केला. त्यास २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. अशा कामी बसविलेल्या लहान यंत्रांत पुष्कळदा लिनक्स प्रणाली व सी भाषेतील प्रोग्राम असतात. एखादे यंत्र काही दिवस नीट चालून मुके होते. कोणी चार कोस जाऊन ते बंद करून पुन्हा चालू करितो. परंतु काही दिवसांनी पुन्हा तेच! याचे एक नेहमीचे कारण आज पाहू.

दोन यंत्रांचे संभाषण टेलिफोनसारखे असते. एकाने रिसीव्हर ठेविला तरी दुसऱ्यानेही तो ठेविला पाहिजे. समोरच्याने निरोप घेतला, पण आमच्या प्रोग्रामने ‘क्लोज’ ही आज्ञा दिलीच नाही, तर ती जोडणी ‘क्लोज-वेट’ अवस्थेत प्रोग्राम संपेपर्यंत राहते. लिनक्स प्रत्येक जोडणी उघड्या फाइलीप्रमाणे मोजते, आणि एका प्रोग्रामास अशा फाइली साधारणतः १०२४ च उघडता येतात. ती मर्यादा भरली की नव्या पाहुण्यास दार बंद!

‘टाइम-वेट’ ही अवस्था मात्र निराळी. जो प्रथम निरोप घेतो, त्याच्याकडे ती लिनक्समध्ये ६० सेकंद राहते, म्हणजे वाटेत रेंगाळलेले जुने संदेश नव्या संभाषणात मिसळत नाहीत. तो दोष नव्हे, नियमच होय.

तेव्हा यंत्र बंद करण्यापूर्वी ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा द्यावी. ती नसल्यास ‘प्रॉक’ या फाइलसंग्रहातील ‘नेट’मधील ‘टीसीपी’ फाइल वाचावी. तेथे ०६ म्हणजे टाइम-वेट व ०८ म्हणजे क्लोज-वेट. ०८ वाढत असतील तर दोष आपल्या प्रोग्रामात शोधावा. ‘रिसीव्ह’चे उत्तर शून्य आले, म्हणजे समोरचा गेला, लगेच ‘क्लोज’ करावे. चूक होऊन मध्येच परतणाऱ्या प्रत्येक वाटेवरही तेच करावे. ‘फोर्क’ने मूलप्रक्रिया निर्माण केली असल्यास जनकानेही आपली प्रत मिटवावी.

वीज गेल्यामुळे समोरचा निरोप न घेताच नाहीसा झाला, तर जोडणी चालूच दिसते. त्यासाठी ‘कीप-अलाइव्ह’ लावावा. पण त्याची पहिली चौकशी मुळात ७२०० सेकंदांनी होते, म्हणून ती मुदत कमी करावी.

यंत्र पुन्हा चालू केल्याने खूण पुसते, दोष राहतो. यास्तव आधी पाहावे, मग हात लावावा.