चिकित्सा मानसशास्त्रातील डॉक्टरेट आणि प्रवेशाची मुलाखत

मानसशास्त्र घेऊन पदवीधर होणाऱ्यांपैकी काही विद्यार्थी चिकित्सा मानसशास्त्रातील डॉक्टरेटसाठी अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज करतात. गुणपत्रिका, शिफारसपत्रे, हेतुनिवेदन या कागदांची जुळवाजुळव ते महिनोन् महिने करीत असतात. पण मुलाखतीचे बोलावणे आले की त्यांची धांदल उडते. कारण उघड आहे. मुलाखत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोंडी परीक्षा उभी राहते. टेबलापलीकडे दोन परीक्षक, अलीकडे एकटा विद्यार्थी; त्यांनी विचारायचे आणि याने आठवेल तेवढे सांगून सुटायचे. डॉक्टरेटच्या प्रवेशाची मुलाखत या जातीची नसते. ती कशी असते, तिची तयारी कशी करावी आणि तिच्या निकालाला किती महत्त्व द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

थोडा पूर्वेतिहास

लाइटनर विटमर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलांच्या अडचणींसाठी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले, तेथून या शाखेचा आरंभ मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांच्या उपचारासाठी प्रशिक्षित माणसे हवी होती. ती कशी घडवावीत हे ठरविण्यासाठी १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे परिषद भरली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा आधी संशोधक आणि त्याचबरोबर उपचारक असला पाहिजे, हे सूत्र तेथे मान्य झाले. पुढे १९७३ मध्ये त्याच राज्यातील व्हेल येथील परिषदेने उपचारावर अधिक भर देणाऱ्या ‘साय. डी.’ या पदवीला मान्यता दिली.

हा इतिहास केवळ टिपणवहीत लिहून ठेवण्यासाठी नाही. पीएच. डी.च्या मुलाखतीत ‘मला फक्त रुग्ण पाहायचे आहेत, संशोधनात रस नाही’ असे सांगणारा विद्यार्थी चुकीच्या दारावर थाप मारत असतो. पीएच. डी.च्या बहुतेक विभागांत विद्यार्थी थोडे घेतात, साधारण पाच ते दहा, आणि त्यांची फी माफ होऊन विद्यावेतनही मिळते. साय. डी.च्या वर्गात विद्यार्थी बहुधा अधिक असतात आणि खर्चाचा मोठा भार पुष्कळदा त्यांच्यावरच पडतो. आपल्याला कोणते दार हवे, हे मुलाखतीपूर्वीच ठरलेले असावे.

निवड कशाची होते?

पीएच. डी.च्या पुष्कळ विभागांत विद्यार्थी हा विभागाचा नव्हे, तर एका विशिष्ट प्राध्यापकाचा म्हणून घेतला जातो. पुढची पाच-सहा वर्षे तो त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणार, त्यांच्या देखरेखीखाली प्रबंध लिहिणार, आणि शेवटी एक वर्ष रुग्णालयात किंवा चिकित्सालयात पूर्णवेळ उमेदवारी करणार. म्हणून प्राध्यापकांच्या मनातला खरा प्रश्न ‘हा मुलगा हुशार आहे का?’ हा नसतो. हुशारी गुणपत्रिकेवरून आणि शिफारसपत्रांवरून त्यांनी ताडलेलीच असते. बोलावणे त्यानंतरच येते. त्यांचा प्रश्न असा असतो : ‘मी ज्या प्रश्नांवर काम करतो, त्याच प्रश्नांनी या विद्यार्थ्याला खरोखर पछाडले आहे का? चुकीची जाणीव करून दिली तर तो ऐकून घेईल का? पुढे रुग्णासमोर याला बसवता येईल का?’

हे ध्यानात आले की तयारीची दिशा आपोआप बदलते. पाठ्यपुस्तकातील व्याख्या घोकण्यापेक्षा ज्या प्राध्यापकांबरोबर काम करायचे त्यांचे अलीकडचे तीन-चार शोधनिबंध नीट वाचावेत. नुसता गोषवारा पुरत नाही. नमुना कसा निवडला, मोजमाप कशाने केले, निष्कर्षात कोणती शंका शिल्लक राहिली, हे पाहावे. त्या शिल्लक शंकेतूनच बहुधा आपला प्रश्न निघतो.

मुलाखतीचा दिवस

अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते आणि मुलाखती मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत होतात. सामान्यतः दिवसाच्या आरंभी विभागाची माहिती सांगतात. मग नियोजित मार्गदर्शक आणि आणखी दोन-तीन प्राध्यापक यांच्याशी वीस मिनिटे ते अर्धा तास अशा स्वतंत्र भेटी. मधल्या वेळात तेथील विद्यार्थ्यांशी गप्पा. या गप्पा निव्वळ विरंगुळा समजू नयेत. ज्येष्ठ विद्यार्थ्यांचे मतही पुष्कळदा विचारात घेतले जाते.

२०२०च्या साथीपासून संगणकाच्या पडद्यावर मुलाखत घेण्याची प्रथा रुजली आणि परदेशातील उमेदवारांना ती सोयीची ठरली. मात्र घड्याळाचे भान हवे. हिवाळ्यात न्यू यॉर्कची वेळ आपल्यामागे साडेदहा तास आणि लॉस एंजेलिसची साडेतेरा तास असते. तेथे सकाळी नऊ वाजता आरंभ झाला तर आपल्याकडे अनुक्रमे सायंकाळचे साडेसात आणि रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे दिवसभराची मुलाखत मध्यरात्रीपलीकडे जाणार. घरच्यांना आधी सांगून एक खोली, दिवा आणि शांतता यांची तजवीज करावी. दुपारी झोप काढावी. वीज गेली तर काय करायचे तेही ठरवून ठेवावे.

‘हेच क्षेत्र का?’

हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे ठरीव उत्तरही हमखास येते : ‘मला लोकांना मदत करायची आहे.’ उत्तर खोटे नसते, पण त्यातून काहीच कळत नाही. परिचारिका मदत करते, शिक्षक मदत करतो, समाजकार्यकर्ताही करतो. मग सहा वर्षे संशोधन करून डॉक्टरेटच का?

एक उदाहरण घेऊ. एखादी विद्यार्थिनी व्यसनमुक्ती केंद्रात काही महिने स्वयंसेवक म्हणून गेली आहे. ‘तेथे मला खूप शिकायला मिळाले’ एवढेच ती म्हणाली तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण तिने असे सांगितले तर पाहा : ‘उपचार पुरे करून गेलेल्यांपैकी काही जण पुन्हा पुन्हा परत येत. ज्यांची पत्नी किंवा आई सभांना नियमित येई, ते टिकतात असे मला वाटू लागले. पण हा माझा भास असेल. कदाचित मुळात ज्यांची स्थिती बरी, त्यांचेच नातेवाईक येत असतील. हे वेगळे करून कसे पाहायचे, ते मला शिकायचे आहे.’ या पाच वाक्यांत निरीक्षण आहे, स्वतःच्या निरीक्षणावरील शंका आहे आणि अभ्यासाची इच्छा आहे. बोल्डर परिषदेला अभिप्रेत असलेला विद्यार्थी तो हाच.

अशा वेळी एक पथ्य पाळावे. रुग्णाचे नाव, गाव, व्यवसाय किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील सांगू नये. आपल्या देशातील २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि मुलाखत घेणारेही नेमके हेच पाहत असतात.

घरातील दुःख सांगावे काय?

हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. या क्षेत्राकडे वळणाऱ्या कित्येकांच्या घरात कोणी तरी आजारी असते, किंवा स्वतःच त्या अंधारातून गेलेले असतात. ते लपविण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. पण ते उघड केलेच पाहिजे असेही नाही. ड्रू अॅपलबी आणि कॅरन अॅपलबी यांनी २००६ साली अमेरिकेतील मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समित्यांच्या अध्यक्षांना विचारले, की कोणत्या गोष्टींनी अर्जदाराची संधी बुडते? उत्तरांत हानिकारक शिफारसपत्रे, विभागाविषयीचे अज्ञान, सदोष लेखन आणि छाप पाडण्याचे फसलेले प्रयत्न होते. त्यांबरोबरच हेतुनिवेदनात स्वतःच्या मानसिक आजाराविषयी मर्यादेबाहेर लिहिणे हेही होते.

मनाच्या विकारांकडे समजुतीने पाहा असे जगाला शिकविणाऱ्या विषयाच्या दारातच असे व्हावे, हे कोणालाही खटकेल, आणि त्यावर त्या क्षेत्रात टीकाही होत असते. तथापि उमेदवाराने व्यवहार पाहावा. सांगायचेच तर त्या अनुभवातून कोणता प्रश्न उभा राहिला तेवढे सांगावे. जखम उघडून दाखवू नये. सांगायचे नसेल तर मौन म्हणजे असत्य नव्हे.

आपल्याजवळचे भांडवल

आपल्याकडील विद्यार्थ्याला वाटते की त्यांच्यापुढे आपल्याजवळ काय आहे? अद्ययावत प्रयोगशाळा नाही, छापून आलेला निबंध नाही, इंग्रजीही अडखळते. अडखळण्याची भीती नको. सावकाश आणि साध्या वाक्यांत बोलले तरी चालते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा, उत्तर माहीत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, पण मी ते असे शोधेन’ म्हणावे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे खाली पाहून बोलणे ही नम्रता, आणि स्वतःच्या कामाविषयी ‘आम्ही केले’ असे म्हणणे हा विनय. तेथे मात्र ‘यात तुमचा वाटा कोणता?’ हे त्यांना समजून घ्यायचे असते. जे आपण केले ते ‘मी केले’ म्हणून सांगावे. जे सरांनी केले त्याचे श्रेय सरांना द्यावे.

भांडवलाचे म्हणाल, तर ते आपल्या भाषेत आहे. अॅरन बेक यांची १९६१ सालची नैराश्य मोजण्याची प्रश्नावली जगभर वापरतात. पण आपल्याकडील एखादी बाई ‘मी उदास आहे’ असे म्हणेलच असे नाही. ती म्हणेल, ‘कशात जीव लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं जड झालंय’. यांतील कोणते वाक्य प्रश्नावलीतल्या कोणत्या प्रश्नाच्या जागी बसेल? की यासाठी निराळाच प्रश्न हवा? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हे प्रश्न रोज वावरत असतात. ज्याने आपल्या परिसराकडे डोळसपणे पाहिले आहे, त्याने रिकाम्या हातांनी आल्याची खंत बाळगू नये.

आपणही विचारावे

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे?’ असे म्हणतात, तेव्हा ‘नाही सर’ म्हणून उठणे हा आपला संस्कार. येथे तो सोडावा. विद्यावेतन किती वर्षे निश्चित आहे? मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात? त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले? हे विचारणे उद्धटपणाचे नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या विभागांना खर्च, पदवीला लागणारा काळ, मध्येच सोडून गेलेले विद्यार्थी आणि उमेदवारीची जागा मिळालेले विद्यार्थी यांचे आकडे जाहीर करावेच लागतात. ते आधी पाहावेत आणि त्यांवरून प्रश्न काढावेत. परदेशी विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट विचारावी. तेथील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील उमेदवारीसाठी अमेरिकी नागरिकत्व लागते. मग या विभागातील परदेशी विद्यार्थी उमेदवारी कोठे करतात?

प्रवेशाचे पत्र आले की लगेच होकार देण्याची घाई नको. विद्यावेतनासह प्रवेश देऊ करणाऱ्या बहुतेक विभागांनी मान्य केलेल्या संकेतानुसार उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत अवधी असतो.

या साधनाची मर्यादा

आता थोडे आपल्याच शास्त्राच्या आरशात पाहू. एका चांगल्या गुणामुळे माणूस सर्वच बाबतींत चांगला वाटतो, हा ‘प्रभावलय’ दोष थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिला. पॉल मील यांनी १९५४च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की माणसाविषयी भाकीत करताना साधे सांख्यिकी सूत्र तज्ज्ञांच्या अंदाजाइतके किंवा त्याहून अधिक अचूक ठरते. १९७९ मध्ये टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ५० जागा वाढविण्यास सांगितले. आधी नाकारलेल्या उमेदवारांतूनच त्या भराव्या लागल्या, आणि त्यांतील बहुतेकांना मुलाखतीत खालचा क्रम मिळाला होता. पुढे अभ्यासात आणि रुग्णसेवेत ते पहिल्या निवडीच्या विद्यार्थ्यांहून मागे पडले नाहीत, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.

मुलाखत घेणारे प्राध्यापक हे सारे वर्गात शिकवितात आणि तरीही मुलाखत घेतात. कारण पाच-सहा वर्षे ज्याच्याबरोबर काढायची त्याला एकदा भेटावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. सर्व उमेदवारांना तेच ठरावीक प्रश्न विचारले तर दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. नकार आला तर एवढे ध्यानात ठेवावे, की शेकडो अर्जांतून मूठभर जागा भरताना एका अपुऱ्या साधनाने दिलेला तो कौल असतो. त्यावरून आपली लायकी ठरवू नये. शक्य असल्यास कारण विचारावे, उणीव भरून काढावी आणि पुन्हा अर्ज करावा.

आपल्या विद्यापीठांत

परदेशी न जाणाऱ्यांनाही हा विचार उपयोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी पीएच. डी.च्या प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिला. २०२४ पासून ‘नेट’चे गुणही प्रवेश परीक्षेच्या जागी धरता येतात. मात्र भारतात नुसत्या पीएच. डी.ने रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त व्यावसायिक प्रशिक्षण आणि नोंदणी वेगळी लागते. मुलाखतीला जाण्यापूर्वी आपल्याला संशोधक व्हायचे आहे की उपचारक, हे येथेही स्वतःला विचारावे लागते.

उपचारक पुढे आयुष्यभर जे काम करतो, ते या मुलाखतीत एका दिवसापुरते त्याच्याकडून अपेक्षित असते : समोरच्याचे नीट ऐकणे, न कळलेले विचारणे, माहीत असलेले स्पष्ट सांगणे आणि माहीत नसलेल्याचा आव न आणणे. याची सवय वर्गात, चर्चेत, मित्रांशी बोलतानाही लावून घेता येते. डिसेंबरपर्यंत थांबण्याचे कारण नाही.